बरोबरीची कुस्ती

मी पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकून होतो तेव्हाची गोष्ट. चऱ्होलीच्या जत्रेत दरवर्षी एक पोट सुटलेला पैलवान यायचा. शड्डू मोठा ठोकायचा, आधीच ठरवून कुस्ती बरोबरीत सोडवायचा आणि मानाचा फेटा मिरवत निघून जायचा. असल्या ढोंग्याची मला भारी चीड.

एकदा मी गर्दीतून ओरडलो, "अरे, खरी कुस्ती धर की एकदा!"

तो हसत आला, हात पुढे केला. मीही ऐटीत हात दिला. आखाड्यात हात दिला म्हणजे कुस्ती कबूल, हे पंचांनी मला मातीत ओढल्यावर कळलं.

माझी मान काखेत धरून तो कुजबुजला, "घाबरू नगा राव. बरोबरीत सोडवू."

मान हलेना, म्हणून मी त्याचा दंड दाबून होकार दिला.

फेटा मलाही मिळाला. घरापर्यंत मिरवला.