झोपलेला कुत्रा घेऊन नागपूरला

मी कुत्र्याला अफू चारली. विमानात बसायच्या आधी, गुळात कालवून, स्वतःच्या हाताने. आता नातवंडं हे ऐकून पोट धरून हसतात. हसू द्या. मलाही त्या बावीस वर्षांच्या शहाणीची कीवच येते. मॅट्रिक झालेली, नागपूरच्या माहेराचा तोरा मिरवणारी, सौंसरात नांदायला येऊन अख्ख्या गल्लीला आरोग्याचे धडे देणारी बाई होती ती. शेजारणी कापूस वेचायला जाताना तान्ह्या लेकराला अफूचा कण चाटवून निजवत. "विष देता तुम्ही पोरांना," असं ही त्यांना तोंडावर म्हणायची.

नुकतीच राज्यं बदलली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. माहेर परराज्यात गेलं म्हणून मी रडून घेतलं होतं, जणू ते मुद्दाम मला छळायलाच गेलं. आणि अशात एका सकाळी आमच्या चार वर्षांच्या मुलाने घरच्या कुत्र्याच्या तोंडातली भाकर ओढली. कुत्र्याने त्याचा गाल फोडला.

एरवी एवढ्यावर कुत्र्याला दोन रट्टे बसले असते आणि पोराला हळद. पण लोधीखेड्याकडून एक पिसाळलेला कुत्रा आला होता, त्याच्याशी आमच्या कुत्र्याचं भांडण झालं होतं आणि आमच्याच्या मानेवर जखम होती. डॉक्टरांनी पोराचा गाल साबणाने धुतला, पुन्हा धुतला. मग म्हणाले, "कुत्रा चावल्यावरच्या सुया पहिले नागपूरहून यायच्या, राज्य बदललं तशा त्या बंद झाल्या. नव्या ठिकाणाहून अजून यायच्या आहेत. चेहऱ्यावरचा चावा आहे, आजच नागपूरला न्या. आणि कुत्र्याला मारू देऊ नका. तो आठ-दहा दिवस धड जगला तर पोराला धोका नाही."

"आणि मेला तर?"

ते नागपूरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला बसले.

घरी आले तर गल्ली काठ्या घेऊन दारात. सासूबाई त्यांच्यात पुढे. "बाजूला हो सूनबाई. नातवाले खाल्लं त्यानं, अन् तू त्यालेच झाकून राहिली?" मी दारात आडवी पसरले. पोराचा जीव आता या चार पायांत आहे, हे कुणाला पटेना. कुत्र्याला मागे ठेवून जाणं म्हणजे संध्याकाळपर्यंत तो मेलेलाच. बसवाल्याने कुत्रा पाहून दार लावून घेतलं. छोट्या रुळांवरच्या आगगाडीच्या गार्डने मुलाकडे बोट केलं, "याले चढवा, त्याले नाही."

आमचे हे मँगनीजच्या खाणीवर कारकून होते. खाणीचे शेठजी अधूनमधून स्वतःच्या विमानाने येत, आणि त्या दिवशी ते विमान मुरुमाच्या पट्टीवर उभं होतं. यांनी आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते, ते त्या दिवशी जोडले. शेठजी हो म्हणाले. पण विमान म्हणजे पुढे चालवणारा आणि मागे एका माणसाची जागा. हे रेल्वेने मागून येणार. चालवणारा कुत्र्याकडे बघत म्हणाला, "बहनजी, ऊपर जाकर ये हिला, तो हम सब नीचे."

मग मी काय केलं असेल? जिच्या अफूला विष-विष म्हणत होते त्या शेजारणीच्या, तिच्याच दारात गेले. "बाळाला देतेस तेवढी दे." तिने बिचारीने कणभर दिली. मला वाटलं, कुत्रा बाळापेक्षा मोठा. तिच्याकडून आणखी चिमूटभर घेतली.

विमान उडालं. लोकांना विचारा, पहिल्या विमानप्रवासात ढग दिसले, नदी दिसली, असं सांगतील. मला फक्त कुत्र्याचं तोंड दिसत होतं. मांडीवर मुलगा, गालावरची पट्टी ओली, पायाशी कुत्रा. खाली कन्हान नदी गेली असेल, संत्र्याचे बगीचे गेले असतील. आधी तो ओकला, माझ्या पायांवर. मग त्याची मान लुळी पडली. जबडा लोंबला, लाळ गळायला लागली. मी हाक मारली, कान ओढला, चिमटा काढला. काही नाही. पिसाळलेलं जनावर शेवटी असंच होतं, हे मी ऐकलं होतं. माझी अफू असेल की तो रोग, मला कळेना. पोराच्या केसांत तोंड खुपसून मी देवाला म्हणत होते, अफूच असू दे, मीच त्याला मारलेलं असू दे. मग लक्षात आलं, तो कशानेही मेला तरी पोराबद्दल सांगणारं कुणी उरणार नव्हतं.

"सो गया क्या?" पुढून आवाज आला.

"हो," मी म्हटलं.

यांनी केलेली तार मिळून नागपूरच्या विमानतळावर माझे बाबा आले होते. मुलाच्या पोटात सुई गेली तेव्हाची त्याची किंकाळी अजून कानात आहे. बाबा त्याला घरी घेऊन गेले, आणि मी कुत्र्याला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी लोंबता जबडा पाहिला, मानेवरची जखम पाहिली, आणि सहायकाला म्हणाले, "पिसाळण्याचा मुका प्रकार दिसतो. संपवा. डोकं तपासायला पाठवू."

मॅट्रिक झालेल्या बाईने हे सांगायचं कसं? त्यांनी सुई भरायला घेतली, तेव्हा तोंडातून निघालं, "मी त्याला अफू दिली आहे."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. अंगठ्याने कुत्र्याची पापणी वर केली, बाहुली मोहरीएवढी झाली होती. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी लिहिणार नाही. "थांबू," एवढंच म्हणाले.

मी जाळीबाहेर फरशीवर बसले. नवस बोलले, ते मोडले, पुन्हा बोलले. त्याची बरगडी हलायची थांबली असं वाटलं की उठायचे. हलली की बसायचे. ऊन उतरलं तेव्हा त्याने एक पाय ताणला. मग मान उचलली, झुलत झुलत पाण्याच्या थाळीपर्यंत गेला आणि लपालप पाणी प्यायला. तो पाण्याला भ्याला नाही, एवढंच पाहून मी तोंडात पदर कोंबला.

सुया चालूच राहिल्या, कुत्रा जाळीतच राहिला. ठरलेले दिवस सरले, तो धडधाकट निघाला, तेव्हा मी सगळं यांना सांगितलं. यांनी तळहातावरच्या तंबाखूला चुना लावला. मग म्हणाले,

"पुढच्या खेपेले अफू तू खाय. पोराले नागपूरले कुत्राच बराबर घेऊन जाईल."