सात नंबरचा बिल्ला

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. इथले अनुभव मी बरेच महिने नुसते वाचतेय, कधी कमेंटसुद्धा केली नाही. शिक्षण इंग्लिश मीडियमचं, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील... सांभाळून घ्या.

आम्ही परभणीच्या अगदी टोकाला राहतो. मीटर गेज जाऊन मोठी लाईन आली तेव्हा इथलं एक वळण काढून लाईन सरळ टाकली. जुना भराव तसाच पडून होता. काही वर्षांपूर्वी त्यावर मुरूम दाबून वॉकिंग ट्रॅक केला. एकदम सपाट, दोन्ही बाजूंना कडुलिंब, आणि शेवटी एका प्लॉटिंगची सिमेंटची भिंत. तिथून सगळे मागे वळतात.

माझे पप्पा याच लाईनवर गँगमन होते. पावसाळ्यात रुळांवर गस्त असायची. पप्पा परभणीकडून निघायचे, किसन काका पेडगावकडून. मध्ये भेटायचं, आपापला पितळी बिल्ला एकमेकांना द्यायचा आणि परत फिरायचं. दुसऱ्याचा बिल्ला दाखवला की साहेबाला कळायचं, दोघंही पूर्ण चालले. पप्पांचा नंबर सात, काकांचा आठ. मीटर गेज बंद झाली तेव्हा दोघांनी आपापला बिल्ला आठवण म्हणून ठेवून घेतला.

गेल्या वर्षी पप्पांचं विसरणं वाढलं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून सकाळी मी सोबत जायचे. बाकी सगळं विसरले तरी बिल्ला खिशात टाकायला ते विसरत नसत.

"रिटायर होऊन इतके साल झाले, ह्यांची ड्यूटी काय संपंना," मम्मी म्हणायची. "डबा देऊ का बांधून?"

"दे की. किसनला बी दोन भाकरी टाक."

भिंतीपाशी पप्पा थांबायचे, "जयभीम किसन" म्हणायचे, रिकामा हात पुढे करायचे आणि वळायचे. मी मागे बाकावर बसून मोबाईल बघत असल्याचं दाखवायचे. तिथे दुसरं कोणी मला कधीच दिसलं नाही.

धुण्याआधी त्यांचे खिसे मी तपासायचे. एक दिवस बिल्ल्यावर आठ होता. दुसऱ्या दिवशी आठ घेऊन गेले, सात घेऊन आले. मी घर पालथं घातलं, दुसरा बिल्ला कुठेच नाही. मग एकदा निघताना सात आत आहे हे बघून त्यांच्या खिशाला सेफ्टी पिन लावली. परत आलो तर पिन तशीच... आत आठ. सातच्या भोकाजवळ चीर आहे, आठचा काठ चेपलेला आहे, त्यामुळे चूक होणं शक्य नव्हतं. फोटो का नाही काढले विचाराल. दोन्हीचे काढले. पण त्यातून दोन बिल्ले आहेत एवढंच सिद्ध होतं.

एकदा मी विचारलं, "पप्पा, किसन काका खरंच येतात?"

"न येऊन कसं चालंल? जोडीदार न्हाई भेटला तर माघारी फिरायचं न्हाई. पुढं जायचं, तो भेटंपर्यंत."

"का?"

"का म्हंजी? पडला असंल कुठं. न्हाई तर लाईन वाहून गेली असंल. मी काय घरी येऊन झोपू?"

मग थंडीतली ती सकाळ. पप्पा भिंतीपाशी उभेच राहिले. अर्धा तास झाला. नंतर ते भिंत चाचपत चढायला जागा शोधू लागले.

"किसन न्हाई आला. मला जावं लागतंय."

फिरायला आलेले लोक थांबले. एकाने मोबाईल काढला. कोणी माझ्याकडे बघितलेलं मला लहानपणापासून सहन होत नाही. मी पप्पांचा दंड धरला.

"लोक बघायलेत पप्पा. चला घरी."

"आगं, पडला असंल तो."

मी त्यांना ओढत आणलं. त्यांना लागेल म्हणून, असं मी मम्मीला सांगितलं. खरं सांगायचं तर लाजेने. खिशात सातच होता.

दोन दिवसांनी निरोप आला, किसन काका गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला पेडगावला मी एकटीच गेले. त्यांची सून म्हणाली, दीड वर्षापासून खाटेवरच होते. जायच्या दोन दिवस आधी सकाळी सगळे कापूस वेचायला गेले, मागे ते खाटेवरून पडले. "दुपारी आलो तवा जीव होता हो ताई. सारखं एकच इचारायले... आला का, आला का." पडले तो दिवस कोणता ते मी विचारलं. पप्पांना मी भिंतीपासून ओढत आणलं, तोच.

मग तिने त्यांच्या उशाखालचा बिल्ला दाखवला. आठ, काठ चेपलेला. "कधी सात दिसायचा, कधी आठ. आमाला वाटलं दोन हायत. आता बघितलं तर एकच निघाला."

हे मी पप्पांना सांगितलं नाही. त्या सकाळपासून ते बोलतच नव्हते, मम्मीशीही नाही. महिन्याभरात तेही गेले.

आता मी रोज एकटी जाते, सात घेऊन. भिंतीपाशी उभी राहते. कोणी बघत नसेल तर हात पुढे करते. घरी येऊन खिसा तपासते. सातच असतो.

हे सगळं काय होतं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाकडे उत्तर असेल तरी त्याने आता काही बदलणार नाही. त्या दिवशी पुढे जायला हवं होतं, एवढं मला कळलंय... आणि तरी अजूनही, रोज, मी त्या भिंतीपासून माघारीच फिरते.