बन्सीभाऊंनी न दिलेली प्रत

बन्सीभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेरला एका ट्रॅक्टरखाली आडवा होतो. हातातला पाना तसाच राहिला... मग मी उरलेले चारही बोल्ट आवळले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. दोन वर्षं मी या माणसाशी बोललो नव्हतो. आता रडायचा हक्क तरी आपल्याला आहे का, हेच कळत नव्हतं. आजही नीट कळलेलं नाही.

बन्सीभाऊ राठोड आर्णीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होते. गाडीतून मूठभर कापूस ओढायचा, बोटांत ताणून धागा पाहायचा, नाकाशी न्यायचा, की प्रत ठरली. नमुना कागदी पुडीत, पुडीवर शेतकऱ्याचं नाव, खाली प्रत. त्यांचा शब्द त्यांच्या बंजारा तांड्यावरच नव्हे, अख्ख्या बाजारात चाले. माझं गॅरेज जिनिंगच्या समोर. कित्येक वर्षं दुपारचा चहा आम्ही गॅरेजबाहेरच्या एकाच बाकावर बसून घेतला.

कापसावरून सगळ्यांचं मन उडालं होतं, तेव्हाची गोष्ट. वाइनची द्राक्षं लावा म्हणत बाहेरगावचा एक माणूस जीपने आला आणि त्याच द्राक्षांच्या लाल वाइनची बाटली माझ्या हाती ठेवून गेला. विहिरीखालच्या माझ्या तीन एकरांत कापसाची पऱ्हाटी सोडून द्राक्षं लावायची की नाही, हे आठवड्यात सांगायचं होतं. माल अस्सल असेल तरच लावायची, एवढं मी ठरवलं. पण मी पडलो मुसलमान, जिभेला थेंब लावायचा नाही. मग चाखणार कोण? बाटली घेऊन तडक बन्सीभाऊंच्या घरी गेलो.

त्यांनी काय करावं? पहिली धार पूर्वजांच्या नावाने अंगणात सांडली आणि पेल्यातल्या वाइनमध्ये चक्क कापसाचा पुंजका बुडवला! तो पिळला, उन्हात धरला, रंग कुठवर चढला ते पाहिलं, हुंगला. मला हसू आवरेना. मग एक घोट तोंडात घोळवून ते म्हणाले, "तुरट हाय... मंग गोडसर लागते... मंग पुन्हा तुरट."

"म्हंजे चांगली का वाईट?"

"मले कळून नाही राह्यलं, रफिक."

"तुमाले नाही कळत? काहून लपवून राह्यले, बन्सीभाऊ?"

त्यांनी पुंजका उन्हात वाळत ठेवला. मी पुन्हा कापूसच लावला, बोंडअळीने तो खाल्ला आणि सगळं खापर मी त्यांच्यावर फोडलं. कधी वाटे, जिनिंगचा कापूस कमी होईल म्हणून बोलले नाहीत. कधी वाटे, मुसलमानाने दारूची द्राक्षं लावू नयेत म्हणून. चहाचा बाक मी गॅरेजच्या आत ओढून घेतला. लाज वाटते आता सांगताना.

बन्सीभाऊ गेल्यावर महिन्याभराने त्यांच्या बायकोने, जमुनाभाभींनी बोलावून एक पुडी हातात दिली. "हे तुमचं हाय, भाईजान. कोणाले हात लावू देत नोयते." आत तोच पुंजका, सुकून तपकिरी पडलेला. वर माझं नाव. खाली प्रतीच्या जागी पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलेलं... इतकं, की तिथे कागदाला भोक पडलंय. लपवलं नव्हतं त्यांनी. मी तोंड फिरवून बसलो होतो, आणि ते माझ्यासाठी प्रत ठरवत बसले होते.

बाक मी पुन्हा बाहेर ठेवलाय. दुपारी चहाच्या वेळी पुडी उघडून हुंगतो. तुरट, की गोडसर... मले बी कळून नाही राह्यलं, बन्सीभाऊ.