पाणी मुरतंय कुठेतरी

त्याचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतंच उरलं होतं. टगबोटीवरचे, बंदराच्या धक्क्यावरचे, इतकंच काय, सासुरवाडीचे लोकसुद्धा त्याला वासू म्हणत. हा माणूस आयुष्यभर वास घेत आला होता, म्हणून वासू. तेलाचा डबा उघडला की आधी नाक पुढे, मग डोळे. घरी दूध तापत असलं तरी पातेल्यावर वाकणार. बायको म्हणायची, "इतकी वर्षं माझ्या हातचं खाऊन धडधाकट आहात, आता तरी हुंगायचं सोडा." वासू हुंगूनच जेवायला बसे.

नाकाचीच खोड त्याच्या मनालाही होती. उमेदवारीच्या काळात एका जोडीदाराने वरून ओरडून सांगितलं होतं, "बंद केलंय, घाल हात." यंत्र बंद नव्हतं. त्या दिवशी डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली, आणि त्यांच्याबरोबर तोंडी शब्दावरचा भरवसाही गेला. तेव्हापासून कुलूप लावलं की तो ओढून बघे. बायकोने लावलेलं असलं तर जरा जोरात ओढे.

ज्या टगवर तो इंजिनाचा मिस्त्री होता, ती मोठमोठ्या जहाजांना ढकलून, ओढून धक्क्याला लावायची. तिच्या पोटात दोन डिझेल इंजिनं होती. प्रत्येक इंजिन माणसाहून उंच, खालच्या बाजूची झाकणं काढली की अर्धा माणूस आत शिरेल एवढं. एके सकाळी एका जहाजाला रेटताना उजव्या इंजिनाच्या आवाजात वासूला जास्तीचा एक ठोका ऐकू आला. बाकी कुणाला आला नाही. त्याने कप्तानाला कळवून ते इंजिन बंद करायला लावलं आणि टग एका पायावर लंगडत धक्क्याला आली.

इंजिन निवल्यावर त्याने झाकण उघडलं. आतलं काळं तेल पांढरट, दुधाळ झालेलं. तळाशी बॅटरीच्या उजेडात चमचमणारे धातूचे बारीक कण. एका दांड्याचं बेअरिंग घासून गेलं होतं. कंपनीने लगोलग बाहेरची एक फिटरबाई पाठवली आणि गोदामातून नवीन बेअरिंगचा खोका आला.

गोदाम वासूच्या साडूच्या ताब्यात होतं. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, दोघांची घरं एकाच गल्लीत, सुट्टीच्या दिवशी जेवणंही एकत्र. तरी वासूने खोका हातात घेतला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. चिकटपट्टी एकदा कापून पुन्हा लावलेली होती. आतल्या, बेअरिंगच्या चकचकीत अर्धगोल पट्ट्या त्याने नाकाजवळ नेल्या. नव्या मालाला कारखान्याच्या ग्रिसाचा वास असतो. ह्यांना रॉकेलचा येत होता.

"धुतलेल्या आहेत," तो म्हणाला.

"मग काय झालं?" फिटरबाईने विचारलं.

"नवा माल कोण धुतो, बाई? जुना माल धुतात. नवा म्हणून खपवायला."

आणि त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. साडूच्या घराला नुकताच रंग लागला होता. साडू हल्ली फोन आला की उठून बाहेर जाऊन बोलायचा. परवा जेवताना वासूने गोदामाचा विषय काढला, तर तो मूग गिळून बसला होता. एकेक गोष्ट साधीच, पण संशयाला काय, धागा मिळाला की तो दोरखंड वळतो. वासू तडक गोदामात गेला आणि चार माणसांदेखत म्हणाला, "अस्सल माल कुठे गेला?"

साडूला आधी कळेचना. कळलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो एवढंच म्हणाला, "वासू, तू जा इथून."

"चोराच्या मनात चांदणं," असं स्वतःशी म्हणत वासू परतला.

टगवर येऊन बघतो तर फिटरबाईने पट्ट्या कापडावर मांडून मोजायला घेतल्या होत्या. "काका, माप तंतोतंत नव्याचं आहे. कुठे ओरखडा नाही."

"तुमचं मापाचं यंत्र शेवटचं कधी तपासलंत?"

बाईने मापक त्याच्या हातात दिला. वासूने तो बाजूला ठेवला, आपल्या पेटीतला काढला आणि सगळं पुन्हा मोजलं. माप तेच आलं. माल अस्सल होता.

तेवढ्यात शिडीवरून पावलं वाजली. साडू खाली येत होता. गोदाम सोडून तो कधी टगवर येत नसे. इंजिनरूमच्या उकाड्यात तो घामाघूम झाला होता, पण आवाज थंड होता.

"खोका मीच उघडला. खूप दिवस पडून होता, आतलं ग्रीस वाळून खडखडीत झालं होतं. म्हटलं, वासूकडे जायचंय, कुठे गंजाचा ठिपका सापडला तर माझी सालटी काढेल. म्हणून एकेक पट्टी रॉकेलने धुतली, पुसली, पाहिली आणि पाठवली. तुझ्या धास्तीने केलं, बाबा."

"मग मला विचारलं तेव्हा सांगायचंस."

"तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस, चार लोकांत."

साडू आला तसा निघून गेला. वासू हातातली पट्टी उगाच पुसत राहिला. फिटरबाईने विचारलं, "बसवू आता?"

"थांबा." वासूने पट्टी कापडावर ठेवली. "माल चांगला. मग आधीचं बेअरिंग गेलं कशाने? तेही चांगलंच होतं, मीच बसवलेलं. तेल दुधाळ झालंय. पाणी मुरतंय कुठेतरी."

"म्हणीतलं म्हणताय की खरंच?"

"खरंच. आज म्हणीतलं सगळं चुकलंय."

वरून कप्तानाने डोकावून घाई केली. मोठं तेलवाहू जहाज यायचं होतं. पट्ट्या बदला, तेल बदला आणि निघा. वासू हटेना. कप्तान वैतागून म्हणाला, "जगात तुझा कुणावर भरवसा आहे का?"

"डोळ्यांनी दिसेल त्याच्यावर आहे. मला पाहू दे."

पण डोकं त्याने एकट्याने चालवलं नाही. बाईने सुचवलं, थंड पाणी फिरतं त्या भागात दाब देऊ आणि खालून बघू. दोघांनी सगळी झाकणं काढली, प्रत्येक सिलिंडरखाली वर्तमानपत्राचं कोरडं पान पसरलं आणि हातपंपाने पाण्याला दाब दिला. वासूचा संशय शेवटच्या सिलिंडरवर, बेअरिंग गेलं होतं त्याच्यावर. तो तिथेच टक लावून बसला. त्याचं पान कोरडं ठणठणीत राहिलं. मग बाईने मधूनच हाक मारली, "काका, इकडे या."

मधल्या एका पानावर करड्या रंगाचा ओला डाग पसरत होता. वर लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याच्या, तळाच्या कडेला थेंब धरत होता आणि सुटत होता. पाणी अडवणाऱ्या खालच्या रबरी कड्या गेल्या होत्या. पाणी गुपचूप तेलात उतरत होतं, आणि तेच तेल शेवटच्या बेअरिंगलाही जात होतं. नुसत्या पट्ट्या बदलल्या असत्या तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने गेलं असतं, कदाचित एखाद्या जहाजाच्या पोटाखाली, भर प्रवाहात.

तेलवाहू जहाज दुसऱ्या टगने घेतलं. कप्तान त्या दिवशी वासूशी बोलला नाही. साखळीच्या कप्पीने सिलिंडरवरचं जड झाकण, हेड, उचललं, पिस्टन काढला, जॅक लावून लायनर ओढला. कड्या बिस्किटासारख्या कडक झालेल्या, बोटात मोडत होत्या. नव्या कड्यांना साबण चोपडून लायनर बसवताना वासू बाईच्या मागून प्रत्येक नट आवळून बघत होता.

"काका, माझ्यामागे कशाला फिरताय?"

"तुमच्यामागे नाही, पान्यामागे."

इंजिन चालू झालं, ठोका गेला, तेल पुन्हा दुधाळ झालं नाही. टगवर वासूचा मान वाढला. घरी मात्र बायकोने ताट आपटून वाढलं. "यंत्रावर संशय घ्या, पगार त्याचाच मिळतो. माझ्या बहिणीच्या नवऱ्यावर कशाला?"

वासू गोदामात गेला, त्याच चार माणसांसमोर, आणि म्हणाला, "माझं चुकलं." साडूने मान डोलावली, पण हसला नाही. पुढे कितीतरी दिवस सुट्टीच्या जेवणाला मेव्हणी एकटीच यायची. सुटे भाग गोदामातून येत, पण एकही धुतलेला नसे. वाळलेलं ग्रीस वासू स्वतः खरवडून काढी आणि कुणाला काही म्हणत नसे.

मग एका दुपारी साडू दारात उभा. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच बोलला. "जुनी मोटारसायकल घ्यायचीय. विकणारा फार गोड बोलतोय. तू चल."

वासू चप्पल घालून निघाला. गाडी उभी करून, आडवी करून, चालू करून, बंद करून त्याने अशी तपासली की विकणारा रडकुंडीला आला. शेवटी वासू हात पुसत म्हणाला, "घे. गाडी चांगली आहे."

साडूचा विश्वासच बसेना. त्याने वासूला बाजूला ओढून कानात विचारलं, "तू म्हणतोस, चांगली? नक्की काय भानगड आहे?"