आईच्या धालोचं रेकॉर्डिंग

पेडण्यातल्या ज्या डेटा सेंटरमध्ये मी काम करते, तिथे गावोगावची गाणी साठवायचं एक काम आलं होतं. माझ्या गावचे, नार्व्याचे धालो मीच रेकॉर्ड करून आणले. पौषातल्या रात्री मांडाचं अंगण, आळीपाळीने ओळी गाणाऱ्या बायकांच्या समोरासमोर दोन रांगा, आणि त्यातल्या एका रांगेत माझी आई. पावसाळ्याआधी ती गेली. ते रेकॉर्डिंग ऐकायचा मला धीर होत नव्हता. एकदा सर्व्हरवर चढलं की निवांत ऐकू, असं म्हणत राहिले.

सर्व्हरने 'झालं' म्हटलं आणि रेकॉर्डरचं कार्ड नेहमीप्रमाणे पुसून पुढच्या गावाला गेलं. त्याच दुपारी वीज गेली. बॅटऱ्यांनीही दगा दिला.

वीज आल्यावर आमचा चहा संपायच्या आत तो अवाढव्य साठा पुन्हा उभा राहिला. बेळगावचा माझा सहकारी खूश झाला.

"जर्नलची नोंदवही वाचून फाइल सिस्टमने स्वतःला सावरलं. एकही फाइल हरवली नाही बघा!"

मी नार्व्याची फाइल उघडली. नाव होतं. आकार शून्य.

त्याने फाइलची नोंद उघडून पाहिली. मग हळूच म्हणाला, "मॅडम, जर्नलमध्ये नोंद होते ती फक्त फाइलच्या नावाची, जागेची. आतला आवाज अजून मेमरीतच होता, डिस्कवर उतरला नव्हता. आवाजसुद्धा आधी जर्नलमध्ये, मग जागेवर असा दोनदा लिहीत बसलो, तर एवढा डेटा लिहून कधी व्हायचा?"

त्याचं बरोबरच होतं. पुढे रिकाम्या फाइली काढताना त्याने विचारलं, "हीपण काढू?"

"असू दे."

कधीकधी मी तिच्यावर क्लिक करायची. काही वाजायचं नाही.

एका रविवारी नार्व्याला गेले. आईच्या समोरच्या रांगेत असायची ती शेजारची काकी मिरच्यांची देठं काढत बसली होती.

"काकी, तो धालो म्हण ना."

"मांड नाही, पौष नाही, आता कसला धालो गो?" म्हणत ती गायला लागली. एक ओळ म्हणून थांबली.

"पुढे?"

"पुढची तुझ्या आईच्या रांगेची. तू म्हण."

शब्द येत होते, चाल अर्धवट. तशीच म्हटली. काकीने डोळे मिटून ऐकलं.

"तुझी आई इथे सूर लांबवायची."

"कसा?"

तिने तोंड उघडलं, मग मान हलवली. "तो तिचा तिलाच यायचा गो," म्हणाली, आणि पुढची ओळ धरली.