आधी जुना कोळसा

जुलै महिना लागला की माझं डोकं फिरतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मी लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देते. त्यातही माझ्याकडे जास्त करून मोबाईलवर शेअर घेणारी-विकणारी मंडळी येतात. एकेक नमुना असतो, मायबाई! वर्षभर ऑप्शनमध्ये पैसे घालवायचे आणि शेवटच्या आठवड्यात येऊन विचारायचं, "मॅडम, मी तर पूर्ण डुबलो, आता रिटर्न कायचं भरू?" मी म्हणते, "अरे शहाण्या, डुबलास म्हणूनच भर. तोटा वेळेत दाखवलास तर पुढच्या नफ्यातून वजा होईल. नाही दाखवलास तर पैसेही गेले आणि तोटाही फुकट गेला." गांधीबागेतले एक कापडवाले शेठ तर गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवता दाखवता दुसऱ्या हाताने सौदे करतात. मी त्यांना एकदा सरळ म्हटलं, "शेठ, साडी तरी नीट दाखवा, कमाई तिच्यातच आहे तुमची." त्यांना राग आला, पण गडी पुढच्या वर्षी परत आला.

असल्या लोकांमध्ये दिवस काढल्यावर घरी आपल्या सासऱ्यांकडे पाहिलं की मला बरं वाटतं. बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेत, सारी नोकरी कोळशाच्या यार्डात गेली. आता सकाळचा चहा झाला की ते मोबाईलवर एकदा भाव पाहतात आणि फोन पालथा घालून ठेवतात. बाजार वर गेला तरी पालथा, खाली गेला तरी पालथा. बगिच्यात फिरायला येणारे मित्र टिप मागतात, तर म्हणतात, "मले नाही समजत गा, मी फक्त धरून बसतो." एकदा बाजार असा आपटला की माझे गिऱ्हाईक रडकुंडीला आले होते. बाबा त्या दिवशी मेथी निवडत बसले होते. मी विचारलं, "बाबा, पाहिलं का?" म्हणाले, "पाह्यलं. कंपनी बंद पडली का? नाही ना? मंग भाजी टाक."

आणि टॅक्सच्या बाबतीत तर हा माणूस सोन्यासारखा. डिव्हिडंडचे चार रुपये आले तरी मला सांगणार, "लिहून घे बेटा." मी म्हणायची, "बाबा, ते सरकारला आधीच दिसतं." तर म्हणायचे, "त्यायले दिसते म्हणून नाही, आपल्याले आले म्हणून लिहाचं." शिवाय रिटर्नची प्रत्येक ओळ स्वतः वाचल्याशिवाय ओटीपी देणार नाहीत. तासभर चष्मा पुसत वाचतील, पण वाचतील. बाकीचे लोक माझ्याकडे ओटीपी असा फेकतात, जणू प्रसादाचा नारळ.

आता हे शेअर मुळात आले कुठून, ते सांगते. ते आईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे. माहेर उमरेडच्या विणकरांचं, त्यामुळे बोटांत कापडाची समज होती. खापरखेड्याच्या कॉलनीत त्या ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल-पिको करायच्या. बाबा त्या पैशांना "तिची चिल्लर" म्हणायचे. वाईट हेतूने नाही, तेव्हाचे नवरे म्हणायचेच तसं. आईंच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. कॉलनीत कुणाच्याही घरी विजेचा बिघाड होवो, नवी वायर एकाच कंपनीची आणली जायची. शहरात सीताबर्डीवर एका ब्रोकरकडे जाऊन त्यांनी खातं काढलं आणि त्या वायरच्या कंपनीचे शेअर घेतले. जमेल तसे थोडे थोडे घेत गेल्या. विकला एकही नाही. मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला म्हणाल्या होत्या, "दागिना चोर नेते वं, हे कोण नेते?"

आई गेल्या, तेव्हा ते शेअर बाबांच्या नावावर करायचे म्हणून बाबांचं डिमॅट खातं काढलं. त्यापूर्वी त्यांनी कधी शेअरचं नावही काढलं नव्हतं. त्या खात्यात पहिल्यांदा जे काही आलं, ते आईंचे शेअर. मग त्यांनी एक रीत पाडून घेतली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मुहूर्ताचा बाजार तासभर उघडतो, तेव्हा बाबा धुतलेलं धोतर नेसून आईंच्या फोटोपुढे फोन घेऊन बसतात आणि त्याच कंपनीचे थोडे शेअर घेतात. फोटोला हळद-कुंकू, फोनलाही हळद-कुंकू. घेऊन झालं की दरवर्षी तेच वाक्य, "तिचे तळात, माहे वरते." तिच्या शेअरना मरेपर्यंत हात लावणार नाही, हे त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर फोटोपुढे सांगितलं होतं.

तेव्हा मी रिटर्नचं काम घरच्या जेवणाच्या टेबलावरच करायची. लोक दिवाणावर बसून आपापल्या नुकसानीच्या कहाण्या मोठ्या आवाजात सांगायचे आणि बाबा बिचारे आतल्या खोलीत दार लावून बसायचे. धरमपेठेत एक छोटी खोली भाड्याने मिळत होती, ऑफिसला अगदी छान. पण डिपॉझिट ऐकून मी आणि आमचे हे एकमेकांकडे पाहत राहिलो. घराचे हप्ते चालू होते. मी म्हटलं, जाऊ द्या, टेबल काय वाईट आहे? म्हटलं खरं, पण दोन दिवस भांडी जरा जोरातच आपटली गेली.

त्याच आठवड्यात एका दुपारी बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "बेटा, तुह्या खात्यात डिपॉझिटचे पैसे टाकले. खोली घेऊन टाक."

"कुठून आणले बाबा?"

"शेअर विकले. माहे विकले हो, वरचे. तिच्याले हात नाही लावला."

जे करू नका म्हणून गिऱ्हाइकांना रोज ओरडून सांगते, तेच माझ्या घरात होऊन बसलं होतं. एका खात्यात एकाच कंपनीचे शेअर असले की वरचे-तळातले असा निवाडा आपण करू शकत नाही. जे आधी आले, ते आधी विकले गेले असं कायदा धरतो. वेगळं खातं काढून आईंचे तिकडे ठेवले असते तर गोष्ट वेगळी होती. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण मला विचारतील कसे? मलाच तर द्यायचं होतं त्यांना. बाबा समोर उभे, चेहरा नवरदेवासारखा फुललेला. मी वाकून नमस्कार केला, स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावायच्या निमित्ताने पोटभर रडले.

ऑफिस झालं. बाबांनी बगिच्यात, कॉलनीच्या जुन्या मित्रांना, दूधवाल्याला, सगळ्यांना सांगितलं, "सुनेले ऑफिस मी घेऊन देलं." मी हसायची आणि मनात म्हणायची, जुलै येऊन राहिला आहे.

आमचे हे म्हणाले, "सांगूच नको. रिटर्न भर, ओटीपी घे, विषय संपव." मी असली भडकले! "चार रुपयांचा डिव्हिडंड लिहायला लावणाऱ्या माणसाला मी फसवू? काहून? तुम्हीच सांगा ना मग त्यांना, तळातले गेले म्हणून!" सांगायची हिंमत त्यांच्यात नव्हती आणि खरं म्हणजे माझ्यातही नव्हती. आईंचं शेवटचं म्हणावं असं या घरात तेवढंच उरलं होतं. शिलाई मशीनही बाबांनी एका गरजू बाईला देऊन टाकलं होतं.

जुलैत एका रविवारी मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. ते ओळ ओळ वाचत आले. पेन्शन झाली, व्याज झालं, शेअरचा हिशेब आला. तिथे बोट थांबलं.

"ही तारीख कायची वं? घेतल्याची? तेव्हा तं माह्याकडे खातंच नव्हतं."

मग एका दमात सगळं सांगून टाकलं. आधी आले ते आधी गेले, वरचे-तळातले काही नसतं, आईंचे शेअर विकले गेले.

"सगळे?"

"सगळे, बाबा. तुमचेही थोडे गेले. आता खात्यात आहेत ते तुमचेच."

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. मला ते पाहवेना. मी बोलत सुटले, "बाबा, मी खोली सोडते. डिपॉझिट परत येईल, तेवढे शेअर परत घेऊ. मला नको ते ऑफिस, मी टेबलावरच—"

"चूप बस." बाबा माझ्यावर कधी ओरडत नाहीत.

मग हातातल्या चष्म्याकडे पाहत म्हणाले, "हा तं आमच्या यार्डाचा नियम हाय. जुना कोळसा आधी जाळाचा. नवा माल वरून उचलत राह्यलं नं, तर तळातला जुना आतल्या आत गरम होते, अन् एक दिवस आपोआप पेटते. सारी नोकरी मी लोकायवर वरडलो, आधी जुना काढा म्हणून. अन् घरी काय करून राह्यलो? तळात तिले ठेवून वरून माहे टाकून राह्यलो." मग स्वतःशीच हसले, डोळे भरलेले असतानाच. "पेटलाच असता ढीग एखाद्या दिवशी. कामाला आला, बरं झालं."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं ना. काहून नाही वाटन? तिचे होते ते." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "म्हंजे ऑफिस तिनं घेऊन देलं तुले. अन् मी गावभर आपलं नाव सांगत फिरलो."

मग नेहमीसारखे पुढे वाचायला लागले. शेवटी नफ्याच्या आणि टॅक्सच्या आकड्यावर आले आणि चमकले. "इतका? माह्या हिशेबानं तं नफाच नव्हता जास्त." मी सांगितलं, तुमचे शेअर अलीकडचे, महाग घेतलेले. आईंनी फार स्वस्तात घेतले होते, म्हणून नफाही मोठा, टॅक्सही त्याच्यावरच. बाबांनी तो आकडा पुन्हा वाचला, बोट ठेवून, लहान मुलासारखा.

"इतकं तिच्या चिल्लरचं झालं?"

"हो बाबा."

त्यांनी फोन घेतला आणि टॅक्स स्वतःच भरला. मी भरते म्हटलं तर हात बाजूला केला. पावती आली, ती मला मोठ्याने वाचून दाखवायला लावली. मग गॅलरीत जाऊन त्यांनी यार्डातल्या जुन्या मित्राला फोन लावला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून बाबांना ओरडून बोलावं लागतं. मला आत सगळं ऐकू येत होतं, शेजाऱ्यांनाही आलं असेल.

"अरे, ते ऑफिस मी नाही देलं, तिनं देलं... हाव, तिनंच! अन् आयक, आज टॅक्स भरला... माहा नाही गा. माह्या बायकोच्या कमाईवर! कमाई म्हणतो मी, कमाई! आयकू आलं का?"