ओरडणाऱ्या बाईंचा दवाखाना

आमच्या भागात रिक्षावाल्याला माझं नाव सांगून उपयोग नाही. "ओरडणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे" म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "म्हणजे ख्याती घराबाहेरही पोचली तर."

खडकवासल्याच्या रस्त्याला मी दवाखाना टाकला तेव्हा समोर ऊस होता. आता समोर बारा मजली इमारत आहे आणि तिच्या तळमजल्यावर चकचकीत पॉलिक्लिनिक. तिथे फोनवर नंबर लागतो, बसायला गुबगुबीत कोच आहेत आणि डॉक्टर पेशंटशी इतकं गोड बोलतात की विमानात बसल्यासारखं वाटावं. माझ्याकडे दोन लाकडी बाक, एक कुरकुरणारा पंखा आणि माझी जीभ. तरी माझे जुने पेशंट हलले नाहीत. का हलले नाहीत याचं उत्तर, कुणी विचारलं किंवा नाही विचारलं, तरी मी थाटात द्यायचे. तिथले डॉक्टर सहा महिन्यांत बदलतात, ते कशाला ओरडतील? ओरडायला माणूस आपला लागतो.

तर मी ओरडायचे. तपासायची खोली आणि बाक यांच्यामध्ये प्लायवुडचं अर्धंच पार्टिशन आहे, त्यामुळे आत बोललेलं बाहेर सगळ्यांना ऐकू जातं. "व्यायाम करता का? म्हणजे रिमोट उचलण्याव्यतिरिक्त?" "एवढ्या लवकर आलात? आणखी थोडं थांबला असतात तर थेट तेराव्यालाच भेटलो असतो." बाहेर हशा पिकायचा. ज्याला बोलणी बसायची तोही हसायचा. मला तो हशा आवडायचा, खोटं कशाला बोलू? दुपारी डबा खाताना सकाळचं एखादं वाक्य आठवून मी स्वतःवरच खूश व्हायचे.

त्या सगळ्यांत माझे लाडके पेशंट म्हणजे एक काका. मूळचे गावातले. त्यांच्या उसाच्या जागेवरच ती बारा मजली इमारत उभी आहे. पैसा आला, पण धोतर, टोपी आणि कोल्हापुरी चपला सुटल्या नाहीत. त्यांच्या मुलाचा गोवर मी पाहिला, नातवाचाही ताप मीच उतरवला. काकांना गेली कित्येक वर्षं मधुमेह. पायांची संवेदना कमी होत चाललेली. खडा टोचला तरी कळायचा नाही. आणि काका दर नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालायचे, गावदेवीचा नेम म्हणून. यावरून आमचं दरवर्षी ठरलेलं भांडण. मी म्हणायचे, "देवीला तुमच्या पायांचं काय करायचंय? तिचे तिला आहेत." ते हसून म्हणायचे, "बाई, तुमच्या औषिदानं न् तिच्या कृपेनं चाललंय." 

गेल्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर मी जरा जास्तच रंगात होते. बाकावर जागा नव्हती, म्हणजे प्रेक्षक भरपूर. मी मोठ्याने म्हटलं, "काका, यंदा अनवाणी फिरलात तर माझ्या दवाखान्याची पायरी चढायची नाही. सांगून ठेवते." बाहेर हशा झाला. काकांनी दोन्ही हात कानांना लावले आणि तेही हसले.

त्यानंतर ते आले नाहीत. दसरा झाला. काकू एकट्याच रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आल्या. "काका कुठायत?" म्हटलं, तर म्हणाल्या, "गेल्यात लेकीकडं, शिरूरला." मी म्हटलं, "म्हणजे लेकीकडे जाऊन गोड खाणार. या म्हणावं, बघतेच त्यांच्याकडे." काकू गोळ्यांचा कागद पिशवीत घालून निघून गेल्या.

दिवाळीच्या आधी काका आले. अंगात ताप होता, चेहरा उतरलेला होता, आणि पायांत बूट होते. काळे, चकचकीत, आत मोजे. या माणसाला मी मुलाच्या लग्नातही बुटात पाहिलं नव्हतं. आता कोणत्याही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा. जुना मधुमेह, ताप, आणि पायांत अचानक बूट. तो सांगेल की आधी बूट काढायला लावा.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "काय काका, बूट? बोहल्यावर चढताय की काय पुन्हा? काकूंना माहितीये ना?"

बाहेर इतका हशा झाला की एक बाळ दचकून रडायला लागलं. काकाही हसले. घसा बघितला, छाती तपासली, व्हायरलची साथ चालूच होती, तापाच्या गोळ्या लिहून दिल्या. जाताना ते दाराशी क्षणभर थांबले होते. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

चार-पाच दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमधून. विष वर चढत होतं म्हणून उजव्या पायाचा पंजा पुढून अर्धा काढावा लागला होता.

मी दवाखाना बंद करून गेले. काकू बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. मला बघून उभ्या राहिल्या, पदर सावरला. मला वाटलं आता त्या मला बोलतील, आणि बोलल्या असत्या तर फार बरं झालं असतं. 

"कधी लागलं त्यांना?" मी विचारलं.

"नवरात्रात. रस्त्याचं काम चाललंय न्हवं, तिथली तार पायात घुसली. त्यास्नी कळलंबी न्हाई. घरात फरशीवर रगत दिसलं तवा कळलं."

"मग मला का नाही दाखवलं? तुम्ही तर शिरूरला..."

"शिरूरला कुटं, घरीच हुते." काकू खाली बघत म्हणाल्या. "तुमी पायरी चढू नका म्हणला हुता. मी म्हणलं, बाई गमतीनं बोलत्यात, चला. तर म्हणले, नको, इतक्या माणसांत बोलतील. जरा सुकू दे, मग जाऊ. मेडिकलमधनं मलम आणून लावत हुते. ताप आला तवा म्हणले आता जातो न् पाय दावतो. मग तुमी बुटावरनं कायतरी म्हणला म्हनं. समदी हसली. मग त्यांच्यानं बूट काढवंना."

मी तिथेच बसले. काकूंना माझी दया आली असावी. माझ्या पाठीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुमी कशापायी वाईट वाटून घेता? समदीच तसं करत्यात. आमच्या आळीत साखर तपासायच्या आदी बायका चार दिस भात, गोड काय शिवत न्हाईत. आकडा वाईट आला की बाई ओरडतील म्हून. तपासलं की मग परत हायेच." हे त्या माझं सांत्वन म्हणून सांगत होत्या. 

इतकी वर्षं मी ज्या आकड्यांवर खूश होते ते असे आले होते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी सांगितली की अनेकजण "पुढच्या टायमाला करू" म्हणायचे, आणि मला वाटायचं खर्च परवडत नाही. माझ्या दवाखान्यात सगळ्यांची साखर आटोक्यात होती, आणि सगळे हसत होते. लोक मला फसवत होते असं म्हणायची सोय नाही. मी त्यांना परीक्षेला बसवत होते आणि ते पास होऊन दाखवत होते.

आत गेले तेव्हा काका जागे होते. मला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला. मग हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं बाई. तुमचं ऐकलं न्हाई." अर्धा पंजा गेलेला माणूस माझी माफी मागत होता. मला त्यांचे हात खाली घ्यायला हवे होते, माझी चूक सांगायला हवी होती. मी त्यांचा केसपेपर मागवून घेतला आणि वाचत उभी राहिले. अक्षरं दिसत नव्हती.

काका घरी आल्यावर पट्टी बदलायला माझ्याकडेच येऊ लागले. हॉस्पिटलवाल्यांनी घरी माणूस पाठवायची तयारी दाखवली होती, पण काकांनी नको म्हटलं. मी मनाशी ठरवलं होतं की आता बास. आवाज खाली ठेवायचा. विचारायचं, ऐकायचं, गंमत नाही. काका काकूंसोबत वॉकर टेकत आत आले की मी पार्टिशनचं अर्धं दार लोटून घ्यायचे. पहिल्या खेपेला त्यांनी कबूल केलं की हॉस्पिटलमधून सुटल्या दिवशी पेढा खाल्ला. मी म्हटलं, "असू द्या. होतं असं कधीतरी." दुसऱ्या खेपेला म्हणाले, घरात बिनचपलेचं चाललो. मी म्हटलं, "हळूहळू सवय होईल." तेव्हा त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली.

तिसऱ्या खेपेला मी पट्टी सोडत असताना ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, खरं सांगा. माझं लई हाताबाहीर गेलंय का?"

"नाही हो काका. जखम छान भरतेय."

"मग तुमी ओरडत का न्हाई?"

मी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑपरेशननंतरही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी गोड बोलत होते म्हणून त्या माणसाला रात्रीची झोप नव्हती. मी त्यांना नेहमीसारखं वागवणं सोडून दिलं, म्हणजे मी त्यांची आशा सोडली, असा त्यांनी हिशोब मांडला होता.

काय करणार? मी ओरडले. "घरात चपला घाला म्हणून किती वेळा सांगायचं? आता पत्रिका छापून आमंत्रण पाठवू का तुमच्या चपलांना?" आवाज पार्टिशनवरून बाहेर गेला. बाहेर बऱ्याच दिवसांनी हशा झाला. काकांचा चेहरा एकदम सैल झाला. ते काकूंना म्हणाले, "बगितलं? म्हणलं हुतं ना, कायबी झालं न्हाई मला." आणि वॉकर टेकत, मान ताठ ठेवून ते बाहेर गेले.

मी हात धुतले. आरशात मला बघवेना. पुढच्या पेशंट आत आल्या, समोरच्याच इमारतीत राहणाऱ्या एक मध्यमवयीन बाई. खुर्चीत टेकायच्या आधीच हसत म्हणाल्या, "मॅडम, माझं गोड एकदम बंद आहे हं."

मी त्यांना अजून काहीच विचारलं नव्हतं.